खयची पुस्तकां आसत?

आषाढातला रविवार. दुपारपासून लाइट गेलेली. झड आत येते म्हणून वाचनालयाच्या हॉलच्या पश्चिमेकडच्या खिडक्या लावून घेतलेल्या, आणि त्या अर्धवट उजेडात आम्ही दहा-बारा माणसं बाकांवर बसलेली. महिन्यातून एकदा जमायचं, सध्या काय वाचतोय आणि पुढे काय वाचायचं मनात आहे ते एकमेकांना सांगायचं, चहा प्यायचा आणि छत्र्या ओळखून घरी जायचं, एवढाच आमचा शिरस्ता. त्या दिवशी एक नवी मुलगी आली होती. विशीतली असेल. काजूच्या फॅक्टरीत कटिंगला जाते. बोटांची टोकं काजूच्या तेलानं काळी पडलेली, आणि पुस्तकाला डाग लागू नये म्हणून तिनं ते ओढणीच्या पदरात धरलेलं. पाळी फिरत फिरत तिच्यापर्यंत आली. सरांनी मायेनंच विचारलं, ‘तुझ्या यादीत काय आहे? पुढे काय वाचणार?’ ती जरा थांबली, मग कुणाकडेच न बघता म्हणाली, ‘यादी नाय माझी. कशी करूची? खयची पुस्तकां आसत तां आधी म्हायत व्हया मगे.’

कुणी काही बोललं नाही. चहा आला.

घरी येताना रिक्षात आणि रात्री जेवतानाही ते वाक्य मला सोडेना. वाचायच्या पुस्तकांची यादी म्हणजे हौसेची गोष्ट, ज्याला वाचनाची गोडी लागली त्याची ती आपोआप लांबत जाते, असं आपण धरून चालतो. इथं गोडी होती. दिवसभर कटिंग करून आल्यावर वेळ काढणं होतं. यादी मात्र नव्हती. चहा घेताना मी तिला विचारलं होतं, मग पुस्तक निवडतेस कशी? ती म्हणाली, ‘काउंटरवर परत इलेल्या पुस्तकांचो गठ्ठो आसता ना काकू, त्यातला. कोणीतरी वाचून हाडल्यानी म्हणजे बरा आसतला.’ आमच्या वाचनालयातली कपाटं काचेची आणि कुलपाची आहेत. सभासदानं पुस्तकाचं नाव सांगायचं, मग ग्रंथपाल किल्ली घेऊन उठणार. ज्याला नाव ठाऊक नाही त्याच्यासाठी उघडं असतं ते फक्त काउंटर. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं दुसरं सांगतं की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि तिसरं सांगतं की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मुक्तद्वार, म्हणजे वाचकाला स्वतः उघडून बघता येतील अशा, कपाटांचा आग्रह त्या तिसऱ्या सूत्रातूनच येतो. हे आमच्या ग्रंथपालबाईंना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. पण हॉल एक, माणूस एक, पावसाळ्यात भिंतीला ओल, आणि हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्यांनाच द्यायचा. त्यामुळे कुलूप आहे, आणि कुलूप आहे म्हणून नाव माहीत असणं ही वाचायची पहिली अट होऊन बसली आहे.

मग माझी यादी कुठून आली, ते आठवत बसले. आमच्या गावात पुस्तकाचं दुकान नव्हतं, आजही नाही. तालुक्याच्या बाजारात वह्या-कंपासची दुकानं आहेत. तिथं गाईडं, आरत्यांची पुस्तकं आणि कालनिर्णय मिळतं. कादंबरी हवी तर ती मुंबईहून यायची, आणि यायची ती गणपतीला. श्रावण लागला की बाबा गिरगावातल्या काकांना इनलँड लिहायला बसत. मजकूर ठरलेला असे: गाडीची तिकिटं झाली का, मखराला रंगीत कागद आणा, आईच्या गुडघ्याचं तेल संपलंय. आणि शेवटी, चिकटवायच्या घडीवर, बारीक अक्षरात पुस्तकांची नावं. त्या घडीवर दोन, फार तर तीन नावं मावत. ती कुठली, यावरून आईबाबांमध्ये आठवडाभर चर्चा चाले, आणि ती ऐकायला मला फार आवडे. गंमत म्हणजे आईला हवं असलेलं पुस्तक तिनं कधी डोळ्यांनी पाहिलेलं नसे. ते तिला शिमग्याला माहेरी गेली असताना विहिरीवर कुणीतरी सांगितलेलं असे, आणि सांगणारीनं तरी ते दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं. घागर भरेपर्यंत जेवढी गोष्ट सांगून होईल तेवढीच तिला ठाऊक. बाकीचं कळण्यासाठी भाद्रपदापर्यंत थांबायचं. काका येत, ट्रंक उघडत, डांबरगोळ्यांच्या उग्र वासातून नव्या कागदाचा वास वर येई. मागितलेलं न मिळालं तर दुकानदार सुचवेल ते काका घेऊन येत, आणि त्या बदली आलेल्या पुस्तकामुळे पुढच्या वर्षीची नावंच बदलून जात.

पुस्तक संपलं तरी शेवटची दोन-चार पानं उरत. ‘आमची इतर प्रकाशने’. नाव, लेखक, किंमत, एवढंच. मी ती पानं फार मन लावून वाचत असे. किमतीवरून जाडीचा अंदाज बांधायचा, नावावरून गोष्टीचा. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर मी त्यातली नावं उतरवत असे, आणि त्यातली कितीतरी पुढे खरोखर हाती आली तेव्हा मनातल्या गोष्टीशी त्यांचा काही संबंध नव्हता. थोडी हुरहुर वाटे. मी कल्पिलेलं पुस्तकही मला वाचायचंच होतं. आणि वाचनालयाच्या पुस्तकांत, मागे तारीखपट्टी चिकटवलेली असते तिच्या आसपास, पेन्सिलीचे शेरे असत. ‘अप्रतिम. जरूर वाचा.’ त्याखाली वेगळ्या वळणाचं अक्षर: ‘शेवट पटला नाही.’ त्याखाली तिसरं, घाईतलं: ‘यांचे दुसरे वाचा. कपाट ७, वरचा खण.’ असं लिहू नये, पुस्तक सगळ्यांचं असतं, हे मान्य. पण त्या सातव्या कपाटापर्यंत मला नेलं ते त्या अनोळखी अक्षरानं. अजून मला वाटतं, तो हात कुणाचा होता ते कळायला हवं होतं.

कोकणात वाचनालयांना तोटा नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. रेल्वे या पट्ट्यात पूर्ण धावू लागली १९९८ मध्ये. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षं पुस्तकं इथं येतच होती, कधी बोटीनं, कधी एस.टी.च्या टपावरून. आणि येऊन टिकणं हे येण्याहून अवघड. इथल्या हवेत पुस्तक चार महिने ओलं असतं. जुलैत पानं जड होतात, उलटताना आवाज करत नाहीत. बांधणीच्या खळीला कसर लागते, भिंतीला टेकलेल्या कपाटाला वाळवी. दसऱ्याच्या सुमाराला ऊन कोरडं झालं की पडवीत चटईवर पुस्तकं उभी करून, पानं सुटी करून ठेवायची. थेट उन्हात नाही, नाहीतर पुठ्ठे वाकतात. शेजारचं कुणी अंगणातून जाताना थांबतं, वाकून एखादं उचलतं, ‘हां केवा घेतलंस?’ म्हणतं. पुस्तकं सुकत घालायच्या त्या दोन दिवसांत मी जेवढी पुस्तकं लोकांना दिली असतील तेवढी वर्षभरात दिली नसतील.

ओलीपुरतं हे ठीक. पाणीच आत आलं तर काय करणार? २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. दोन्ही वेळा तिथल्या वाचनालयाची पुस्तकं भिजली. माझ्या एका मैत्रिणीचं घर त्याच शहरात आहे. वाचून झालेली पुस्तकं ती माळ्यावर ठेवी आणि वाचायची राहिलेली खाली, खाटेशेजारच्या मांडणीत, हाताशी. एकवीसच्या पुरात खालचं सगळं गेलं. माळा कोरडा राहिला. चिखल काढून, भांडी घासून, भिंती धुऊन झाल्यावर कधीतरी तिचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाली, ‘पुस्तकं गेली ती गेली गं. पण कुठली होती तेच आठवत नाहीये. वाचलेलं माणसाला आठवतं, न वाचलेलं कसं आठवणार?’

मग आम्ही चौघीजणी फोनवर तिची मांडणी पुन्हा लावायला बसलो. एकीला आठवलं, कोजागिरीला ती म्हणाली होती की खाडीकाठच्या झाडांवरचं एक पुस्तक मिळालंय, कांदळवन वाचवायच्या कामात पडायच्या आधी ते वाचायचंय. दुसरीला नाव आठवेना, पण ते तिला सासूबाईंनी दिलं होतं आणि आत त्यांची सही होती, हे आठवलं. मला आठवलं की एका आत्मचरित्राची पहिली तीन पानं वाचून तिनं मला मुद्दाम फोन केला होता. नावं कमी आठवत होती. ती ते का वाचणार होती, हे मात्र प्रत्येकीला नीट आठवत होतं. त्या ‘का’ला धरून आम्ही नावांपर्यंत गेलो. बरीचशी सापडली. काही कधीच सापडली नाहीत, आणि सासूबाईंची सही तर कुठून आणणार? पण जे परत आलं ते ती वेळोवेळी आमच्याजवळ बोलली होती म्हणून आलं. तिनं ती नावं नुसती मांडणीत ठेवली असती तर तीही पाण्याबरोबर गेली असती.

तेव्हापासून कुणी ‘पुढे काय वाचणार’ ते सांगू लागलं की मी जास्त लक्ष देऊन ऐकते. आमच्या बैठकीला एक तांडेल येतात, मासेमारीच्या होडीचे म्होरके. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढेच दोन महिने येतात. दिवसा जाळी सांधायची, इंजिन खोलून बघायचं, रात्री ‘मराठी रियासत’, मराठ्यांचा इतिहास. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोवीलचे. पॉप्युलर प्रकाशनाच्या आवृत्तीचे आठ खंड आहेत. तांडेलांचा हिशेब असा की एका पावसाळ्याला एक खंड. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की खूण घालून पुस्तक बंद, ती खूण पुढच्या जूनपर्यंत तिथंच. मध्ये दुसरं काही वाचत नाहीत. त्यांना विचारलं की ते घटना सांगत नाहीत, वारा सांगतात. अमुक महिन्यात आरमार निघालं म्हणतात, तर त्या दिवसांत वारा इकडून असतो, मग गलबतं किनाऱ्याला धरूनच गेली असणार. इतिहासाच्या पुस्तकात मी वारा कधी वाचला नव्हता. या जूनमध्ये मी पहिला खंड घेतला तो केवळ त्यांच्यामुळे. माझी गती वेगळी, माझं मन चार पुस्तकांत फिरतं. पण आठ वर्षांची पुढची वाट ठरवून ठेवलेला माणूस समोर बसलेला असला की आपल्यालाही धीर येतो.

आणि वायंगणीला दिलेली एक बाई आहे, ती ‘कोंडुरा’ वाचत नाही. ‘कोंडुरा’चे लेखक चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याचे, बागलांच्या राईतले. ही कादंबरी १९६६ ची. कोंडुऱ्याचा समुद्र तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. खडकांच्या घळीत लाट शिरते आणि घुमते, पावसाळ्यात तो घुमारा रात्री घरात ऐकू येतो. दर वर्षी ती यादीत हे नाव सांगते आणि दर वर्षी म्हणते, ‘सध्या नको. आवाज माझो हा, पुस्तकात गेलो की तो माझो रवाचो नाय.’ सर एकदा म्हणाले, वेंगुर्ल्यात राहून खानोलकर वाचले नाहीत म्हणजे काय! ती काही लाजली नाही, आणि तिनं लाजू नये असंच मला वाटतं. पुस्तक लांबणीवर टाकणं हेसुद्धा त्या पुस्तकाशी असलेलं एक नातं आहे. ती ते नाव ज्या जपणुकीनं उच्चारते तेवढ्या जपणुकीनं मी वाचून संपवलेल्या पुस्तकांचीही नावं घेत नाही.

मोबाइलवर फिरत येणाऱ्या ‘आयुष्यात वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं’ असल्या याद्या मला म्हणूनच नकोशा होतात. त्यांत माणूस नसतो. शंभर नावं एका दमात देणाऱ्यानं त्यातलं कुठलं कुठल्या घळीजवळ बसून वाचलं, कुठलं अर्ध्यात सोडलं, कुठलं भीतीनं बाजूला ठेवलं, काही कळत नाही. शिवाय अशा याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. जे नाव पहिल्या यादीतून सुटलं ते पुढच्या सगळ्यांतून सुटतं. कोकणातलं साहित्य म्हटलं की आपल्याकडे चार-पाच नावं धडाधड येतात, सगळी मोठीच, आणि आपण तिथंच थांबतो. उर्मिला पवारांचं ‘आयदान’ २००३ मध्ये आलं. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याचं बालपण, डोक्यावर ओझी घेऊन बाजारासाठी रत्नागिरीला चालत जाणाऱ्या बायका, नवरा गेल्यावर बांबूचं विणून घर चालवणारी आई. ज्या कोकणाच्या गोष्टी वाचत मी मोठी झाले त्याच कोकणातली ही वाट, आणि मला कुणी दाखवली नव्हती. दाखवली ती आमच्या निवृत्त कंडक्टरकाकांनी. ते म्हणाले, ‘त्या रस्त्यानं मी गाडी नेली. ओझी घेतलेल्या बायका थांब्यावर असायच्या. टोपली घेऊन आत येऊ नका म्हणून मी ओरडायचो. आता पुस्तक वाचतोय, आणि त्या टोपल्या दिसतात.’ पुढे ते काही बोलले नाहीत. मी दुसऱ्याच दिवशी पुस्तक नाव घालून मागितलं.

काजूच्या फॅक्टरीतली ती मुलगी येईल की नाही, याची मला धास्ती होती. पण श्रावणातल्या बैठकीला ती आली, पावसात भिजत, आणि येताना गठ्ठ्यातलं एक पुस्तक परत करायला घेऊन आली. त्याचं मुखपृष्ठ गेलेलं, पहिली काही पानं गेलेली. नाव नाही, लेखक नाही. तिनं ते अख्खं वाचलं होतं. कुणी न विचारताच ती सांगू लागली: एक शिकारी आहे, नरभक्षक वाघाच्या मागावर आहे, पण जसजसा माग काढत जातो तसतसं त्याला वाघापेक्षा गावकऱ्यांचंच जास्त कळत जातं. आधी अडखळत, मग मालवणीत, मग हातवारे करत. बाहेर पाऊस आणि आत ती. आम्हा जुन्या वाचकांपैकी कुणालाच ते पुस्तक ओळखता येईना. शेवटी ग्रंथपालबाईंनी ते हातात घेतलं, आतलं एक ठरलेलं पान काढलं. वाचनालयं शिक्का आणि दाखल क्रमांक पहिल्या पानाखेरीज आतही एका पानावर मारून ठेवतात. तो क्रमांक दाखल नोंदवहीत शोधला. नाव मिळालं. जुना अनुवाद निघाला, माझ्या जन्माच्या आधी वाचनालयात आलेला. हॉलमधल्या प्रत्येकानं ते नाव उतरवून घेतलं. त्या दिवशी सगळ्यांच्या यादीत एकच नवं नाव पडलं, आणि ते तिनं दिलेलं होतं.

तिच्या यादीत काय पडलं? कंडक्टरकाकांनी तिला नाव न सांगता एक पान वाचून दाखवलं, दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’तलं, श्रावणाचं. १९५६ सालचं पुस्तक, चैत्रापासून एकेका महिन्यावर एकेक लेख. तिनं विचारलं, ‘मधल्यासून वाचला तर चालता?’ चालतं म्हटल्यावर तिनं किलोचा हिशेब लिहायची छोटी वही काढली आणि आकड्यांच्या खाली नाव लिहिलं. ग्रंथपालबाईंनी आणखी एक केलं. बैठकीच्या रविवारी दोन तास एक कपाट उघडं ठेवायचं ठरवलं, दर वेळी वेगळं. कमिटीला विचारून घेईन म्हणाल्या, पण किल्ली तोवर फिरवून झाली होती.

माझं म्हणाल तर उशाशी रियासतीचा पहिला खंड आहे, अर्धा झालाय. त्याखाली ‘आयदान’, जे मी दुसऱ्यांदा वाचतेय आणि आता सावकाश. त्याखालची चार मी या पावसाळ्यात उघडणार नाही हे मला माहीत आहे, तरी ती तिथं असावीत. आणि आता श्री. ना. पेंडशांचे ‘तुंबाडचे खोत’ घ्यायचेत. जगबुडी नदीच्या काठावरच्या एका घराण्याच्या चार पिढ्या, दोन खंड, १९८७. कॉलेजात असताना पहिलाच खंड मिळाला होता आणि पुढे काय झालं ते आजवर राहिलं. या वेळीही पहिला खंड कपाटात आहे, दुसरा बाहेर गेलाय. कुणाकडे, ते नोंदवहीत पाहिलं: शिरोड्याचे एक आजोबा, दोनदा मुदत वाढवून घेतलेली. गणपतीच्या आधी एकदा शिरोड्याला जाऊन येणार आहे. त्यांचं वाचून होईपर्यंत मी पुस्तक मागणार नाही. कुठपर्यंत आलात, तेवढं विचारायचंय.